सांक्ट गालेनचा मठ : वारसास्थळ आणि वास्तूचे वय

स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथील मठ इ. स. ७१९ च्या सुमारास ओथमार याने स्थापन केला. इ. स. ७४७ मध्ये तेथे संत बेनेडिक्टची नियमावली स्वीकारली गेली. १९८३ मध्ये युनेस्कोने या मठाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मात्र अभ्यागतास आज दिसणारे चर्च आणि ग्रंथालयाचे दालन अठराव्या शतकातील, बरोक शैलीचे आहे. आरंभिक मध्ययुगातील बांधकाम जवळजवळ दिसतच नाही.

त्या काळाचा पुरावा मुख्यतः ग्रंथालयातील हस्तलिखितांत आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात राइखेनाउ मठात तयार झालेला आराखडा त्यांपैकी विशेष महत्त्वाचा होय. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यावर चर्च, लेखनकक्ष, रुग्णालय, औषधी वनस्पतींची बाग अशी आदर्श मठाची रचना रेखाटलेली आहे. ती त्या स्वरूपात कधीच बांधली गेली नाही. बाराव्या शतकात आराखड्याच्या मागील बाजूवर संत मार्टिनचे चरित्र लिहिले गेले, आणि त्यामुळेच तो जपला गेला.

म्हणून केवळ वास्तू पाहून आरंभिक मध्ययुगाविषयी निष्कर्ष काढणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरते. भिंती नंतरच्या, हस्तलिखिते मात्र त्या काळातील, हा भेद अभ्यागतास स्पष्ट करणे ही वारसास्थळाची प्राथमिक जबाबदारी होय.