रविवारची सुटी आणि गोराईची होडी



वसंत व्याख्यानमालेचा प्रघात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडला. त्याच साली मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटना स्थापन केली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीपण कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह होतो. उन्हे कलल्यावर चार माणसांनी एकत्र जमावे, विद्वानांचे विचार ऐकावे, यासाठी आधी संध्याकाळ स्वतःच्या मालकीची असावी लागते. त्या काळच्या गिरणी कामगाराला ती नव्हती. गिरणीत विजेचे दिवे आलेले नव्हते, म्हणून उजाडले की काम सुरू आणि अंधारले की बंद, असा हिशेब होता. थंडीत दिवस लहान म्हणून काम थोडे कमी. वसंत आला, दिवस मोठा झाला, की काम तेरा-तेरा तासांवर जाई. वसंत ऋतूचा अर्थ पुण्याच्या श्रोत्याला एक होता आणि परळच्या साचेवाल्याला दुसरा होता.

मला आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो वरवर पाहता अगदी हलका आहे. नेहमीच्या रहाटगाडग्यातून एक दिवस बाजूला काढून चार घटका सुखात घालविणे, एवढाच तो विषय. आपण उपनगरातली माणसे यासाठी फार दूर जात नाही. बोरिवलीला उतरावे, पश्चिमेकडे गोराईच्या जेटीवर जावे, होडीत बसून खाडी ओलांडावी, आणि पलीकडे वाहन मिळाले तर वाहनाने, नाही तर पायी, माडांच्या आणि शेतांच्या कडेने समुद्र गाठावा. कोणी मालाडहून मार्व्याला जाऊन मनोरीला उतरतात, कोणी भाईंदरवरून उत्तनच्या रस्त्याने येतात. बरोबर डब्यात पोळी-भाजी, पिशवीत एखादे कलिंगड, पोरांच्या हातात चेंडू. वाळूत बसावे, पाण्यात पाय भिजवावे, वाळत घातलेल्या बोंबिलांचा वास घेत गावातून परत फिरावे. यात खर्चाचे काही नाही आणि सांगण्यासारखेही काही नाही. परंतु हा दिवस आपल्याला मिळाला कसा, हे पाहू लागले म्हणजे या साध्या सुखामागे केवढी धडपड आहे ते ध्यानात येते.

पहिली गोष्ट अशी की, दर सात दिवसांनी एक दिवस काम थांबवावयाचे, ही चाल आपल्या शेतकऱ्याची नव्हे. आपल्याकडे विसावा होता, पण तो निराळ्या पंचांगाने येई. अमावास्येला औत धरू नये, पोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या खांद्याला जू लावू नये, गावची जत्रा आली की हातातले काम ठेवावे. पेरणी, कापणी, मळणी ही कामे कंबरडे मोडणारी खरी, पण ती संपत आणि मग दिवस मोकळे मिळत. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण करण्याची आपली प्रथा आहे. घर सोडून झाडाखाली जाऊन जेवणे, यातला आनंद आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावा लागला नाही.

गोराईची गोष्ट याहून थोडी वेगळी. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकून घेईपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. त्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावरच्या कोळ्या-कुणब्यांतले बरेच लोक ख्रिस्ती झाले. भाषा मराठी राहिली, शेती आणि मासेमारी राहिली, आणि रविवार हा देवळात जाण्याचा दिवस झाला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. म्हणजे मुंबईत गिरणी निघण्याच्या कितीतरी आधीपासून या खाडीपलीकडच्या गावांना रविवार ठाऊक होता. परंतु दर्यावर जाणाऱ्या माणसाचा खरा मालक भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याला जोर असतो तेव्हा डोल जाळ्यांना काम. अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा जाळी दुरुस्त करण्याची सवड. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात लोटावयाच्या. जून-जुलैत मासेमारीला जी सरकारी बंदी असते, तिच्या मागेही हेच जुने शहाणपण आहे. विसावा मासळीलाही हवा, तिला पिल्ले वाढवावयास अवसर हवा, हे कोळ्याला कळत होते.

गिरणीने ही सारी पंचांगे मोडली. कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभा राहिला. कोकणातून आणि देशावरून माणसे आली. ज्या यंत्रापुढे ती उभी राहिली त्याला अमावास्या ठाऊक नव्हती, भांग ठाऊक नव्हता. सणावाराला गिरणी बंद राही, पण कधी आणि किती दिवस, हे मालकाच्या मर्जीवर. मधल्या एखाद्या दिवशी यंत्र थांबले तरी ते पुसावयास माणसाने यावे लागे. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्यातून चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसाला काहीच दिले नाही. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही दबाव होता, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जाचत होते. आमच्या विसाव्याची काळजी तिकडे एकाएकी का उत्पन्न झाली, हे त्यावरून समजावे.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेला हा माणूस. रेल्वेत, पोस्टात आणि मग गिरणीत नोकरी केलेला. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले ‘दीनबंधू’ पत्र त्यांनी १८८० साली मुंबईस आणून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाहा: दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. पहिली मागणी पगारवाढीची नाही, सुटीची आहे. अर्धपोटी माणसाने भाकरीआधी विसावा मागावा, याचे कित्येकांना नवल वाटते. मला वाटत नाही. विसावाच नसेल तर ती भाकरी मुलांबरोबर बसून खावयाची केव्हा?

रविवारच का, याचेही उत्तर लोखंड्यांजवळ होते. रविवार हा खंडोबाचा वार. साहेबाच्या देवळाचा दिवस आणि बहुजनांच्या कुलदैवताचा दिवस एकच निघाला. मालकांनी मात्र सहा वर्षे दाद दिली नाही. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. ऐन वसंतातली ही सभा. तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारचा अर्धा तास यांवर शिक्कामोर्तब केले आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. लोखंडे १८९७ साली प्लेगने वारले. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना तो रोग जडला.

त्यानंतरची वाट लांबची आहे, ती झटपट सांगतो. १९११ साली कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा, १९२२ साली अकरा तासांची व आठवड्याला साठ तासांची, १९३४ साली चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. एवढे तास कमी होण्यास पस्तीस वर्षे आणि किती संप लागले, ते मोजावे. सुटी मिळाली तरी हातात पगार नसेल तर माणूस जाणार कोठे? लँकेशायरच्या कामगारांची वर्षातून एक आठवडा गिरणी बंद राही आणि गावेच्या गावे ब्लॅकपूलच्या समुद्रावर लोटत. पण तो आठवडा पुष्कळ काळ बिनपगारी होता. त्यासाठी ते लोक वर्षभर आपल्या भिशीसारखी पैसा-पैसा शिल्लक टाकीत. फ्रान्समध्ये १९३६ च्या जून महिन्यात मोठ्या संपानंतर कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कित्येक कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो त्या उन्हाळ्यात. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने पगारी रजेचे तत्त्व आले. १९४८ च्या कायद्याने दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली.

या काळात रेल्वेनेही आपला वाटा उचलला. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. गिरणगावच्या खोलीतून निघालेला माणूस सकाळी खाडीवर आणि रात्री परत घरी, हे शक्य झाले. रविवार कायद्याने मिळाला होता; त्या रविवारी जावयाचे ठिकाण गाडीने आणि होडीने दिले.

आता थोडे कटू बोलतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच गेल्या. माणसे उपनगरांत पांगली. खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या बाजूला, जागतिक बँकेच्या कर्जातून आखलेल्या लहान लहान भूखंडांवर वस्ती झाली. तिलाही गोराई हेच नाव. खाडीपलीकडे १९८९ साली तिकिटाची जत्रा उभी राहिली, २००९ साली विपश्यनेचा भव्य पॅगोडा झाला. मधल्या काळात गोराई-मनोरी-उत्तनचा पट्टा करमणुकीचे विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी तो कसून हाणून पाडला. त्यांचे मला पटते. आपण ज्या शेतांच्या कडेने चालत जातो, ती कोणाची तरी पोटाची शेते आहेत. आपला विसावा त्यांच्या मुळावर येता कामा नये.

आणि रविवारचे काय? १९४८ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत विलीन झाला. आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम नको, हे तत्त्व तिच्यातही आहे. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगतात. पण ज्याने लोकलमध्ये रोज तीन तास उभ्याने काढले आहेत, त्याला बारा तासांच्या दिवसाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे जे कंत्राटी कामगार येतात, पहारेकरी, सफाईवाले, मोटरसायकलवरून घरोघर डबे पोहोचविणारे, त्यांतल्या अनेकांना रविवार म्हणजे अधिक कामाचा दिवस. ‘खाडा केला तर रोज बुडतो’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. कागदावर सुटी आहे, पदरात नाही. १८८९ सालीही ती पदरात नव्हती.

घरातल्या बाईचीही तीच कथा. सहलीला निघावयाचे म्हणजे ती पहाटे चारला उठून डबे भरते आणि परत आल्यावर भांडी घासते. महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोघींच्या लेकी-नातींना आपण अजून पुरता रविवार दिलेला नाही. तो देण्यास कोणत्याही कायद्याची गरज नाही. पुरुषाने पहाटे उठून कणीक मळली म्हणजे पुरे.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असे म्हणून आपल्याकडे विसाव्याला हसण्याची रीत आहे. कामगाराला सुटी दिली तर तो ती गुत्त्यात घालवील, हा मालकांचा आवडता युक्तिवाद मी सव्वाशे वर्षांच्या कागदपत्रांतून वाचीत आलो आहे. त्याला उत्तर द्यावयास रविवारी सकाळी गोराईच्या जेटीवर उभे राहिले म्हणजे झाले. बापाच्या खांद्यावर पोर, आईच्या हातात पिशवी, आजी होडीत चढताना हात धरणारा अनोळखी तरुण. यंत्राला तेल हवे असते तसा विसावा माणसाला हवा, असे शहाणे लोक सांगतात. पण एवढ्यासाठीच तो हवा असे नाही. सोमवारी अधिक काम करता यावे म्हणून माझी माणसे रविवारी समुद्रावर जात नाहीत. ती जातात, कारण तो दिवस त्यांचा असतो.

तेव्हा माझी आपणापाशी एवढीच विनंती आहे. या उन्हाळ्यात आपण खाडीपलीकडे जाल तेव्हा मुलांना लोखंड्यांचे नाव सांगा. आणि घरी परतल्यावर, आपल्या इमारतीच्या दाराशी जो पहारेकरी बसतो, त्याला आठवड्याची सुटी मिळते की नाही, मिळाली तर पगारासह मिळते की नाही, एवढे सोसायटीच्या सभेत विचारा.