महामारी आणि संचार : कर्जत-खालापूर

रायगड जिल्ह्याच्या समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांतील ये-जा, रोजगारासाठी होणारे स्थलांतर आणि मुंबई बंदराच्या द्वारे परदेशांशी आलेला संबंध यांत महामारीच्या काळी घडून आलेल्या फेरबदलांचा विचार या नोंदीत केला आहे. साथीने येथील संचार सर्वस्वी बंद पडला असे प्लेगात घडले नाही आणि कोविडातही नाही. त्याचा ओघ उलट दिशेला वळला आणि कोणी जावे व कोणी थांबावे याचा निवाडा सरकारी दाखल्यावर होऊ लागला.

भूस्थिती व मार्ग : मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्याला बोरघाट चढावा लागतो आणि त्या घाटाची पायरी याच दोन तालुक्यांत आहे. घाटाचा गाडीरस्ता १८३० साली वाहता झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि पुढे सात वर्षे उतारूंनी तेथे उतरून रस्त्याने घाट चढावा असा क्रम राहिला. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर कर्जत हे घाटाखालचे प्रमुख स्थानक ठरले. चढावर जाणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने येथे जोडली जातात आणि तेवढ्या अवकाशात फलाटावर बटाटेवड्याची विक्री होते. ज्या वाटेने धान्य, मजूर व टपाल जाई त्याच वाटेने रोगही जाई, म्हणून साथीच्या प्रत्येक बंदोबस्तात हा मार्ग सरकारच्या नजरेत राहिला.

प्लेग : २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईतील मांडवी भागात ग्रंथिक ज्वराचे निदान जाहीर केल्यानंतर गिरणी कामगार, हमाल, घरगडी व दुकानदार यांनी कुटुंबकबिल्यासह आपापल्या मुलखाची वाट धरली. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली, आणि या घटीत मृत्यूंबरोबर पलायनाचाही वाटा होता. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा, संशयितांना पृथक् ठेवण्याचा आणि जहाजे अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कर्जत, खोपोली किंवा पुण्याकडे रेल्वेने निघालेल्या माणसाला कल्याण ओलांडणे अपरिहार्य असल्याने तेथील तपासणी घाटमार्गाच्या सर्व उतारूंना भोवली : गाडी रिकामी करून उतारूंना रांगेत उभे करीत, अंगात ताप आहे काय हे पाहत, काखेत व जांघेत गाठ चाचपत, आणि ज्याच्याविषयी संशय येई त्याला छावणीत डांबून ठेवीत. स्त्रियांच्या तपासणीविषयी प्रक्षोभ झाला आणि त्यासाठी स्त्री-वैद्यांची तजवीज करावी लागली.

सागरी निर्बंध : मुंबईच्या साथीचे पडसाद बंदराबाहेरही उमटले. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली ‘कूरलँड’ व ‘नादरी’ ही जहाजे १८ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीच्या दरबान बंदरात पोहोचली. मुंबईत प्लेग असल्याचे निमित्त पुढे करून त्यांतील उतारूंना १३ जानेवारी १८९७ पर्यंत किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिले नाही. त्या उतारूंत मोहनदास करमचंद गांधी होते. हिंदी लोकांच्या आगमनाला तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांचा विरोध आधीपासूनच होता, आणि आरोग्याच्या नावाखाली त्याला कायदेशीर आधार सापडला. त्याच वर्षी नाताळ सरकारने युरोपीय भाषा लिहिता न येणाऱ्या आगंतुकाला मज्जाव करणारा कायदा केला, आणि पुढे १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तोच कित्ता गिरवला. इकडे १८९७ साली मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची रवानगी बंद झाली आणि व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्लेगविषयीचे नियम ठरविले.

इन्फ्लुएंझा : १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत उद्भवलेली साथ लोहमार्गांनी देशभर फैलावली. महायुद्ध चालू असता सैन्य व माल यांची वाहतूक रोखणे सरकारला परवडणारे नव्हते, म्हणून प्लेगाच्या वेळचा कडक बंदोबस्त या वेळी आढळत नाही. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि १९२१ च्या शिरगणतीत आजच्या भारताच्या क्षेत्रातील लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली.

कोविड : १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा अंमलात आणला. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या; मालगाड्या मात्र घाट चढत राहिल्या, म्हणजे धान्य जाऊ शकले आणि ते उतरवून घेणारा हमाल घरी अडकला. शेलू व वांगणी या शेजारच्या स्थानकांमधून जाणारी रायगड-ठाणे हद्द आणि घाटमाथ्यावरची पुणे जिल्ह्याची हद्द, ज्यांची एरवी कोणी दखलही घेत नसे, त्या ई-पासच्या, म्हणजे जिल्ह्याबाहेर जाण्याच्या सरकारी परवान्याच्या, सीमा बनल्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतील नोकरांसाठी लोकल सुरू झाली. सामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळीच मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली आणि १५ ऑगस्टपासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना पास मिळू लागला. परदेशांत अडकलेल्यांसाठी ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ विमाने आली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मात्र २७ मार्च २०२२ रोजीच पूर्ववत झाली. खोपोली व रसायनी-पाताळगंगा येथील कारखान्यांत परप्रांतीय मजुरांचा मोठा भरणा असतो. मे २०२० मध्ये श्रमिक गाड्या सुटू लागण्यापूर्वीच अशा मजुरांपैकी कित्येकांनी पायी गावाकडे कूच केले होते.

वीटभट्टीचे स्थलांतर : या तालुक्यांतील कातकरी या आदिवासी जमातीची कुटुंबे पावसाळ्यानंतर शेठकडून किंवा मुकादमाकडून उचल घेऊन मुलाबाळांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. हजार विटांमागे ठरलेली मजुरी हंगामभर वहीत मांडली जाते, खर्चीपुरते पैसे आठवड्याला हातात पडतात, आणि उचल वळती करून घेतल्यावर जी बाकी निघेल ती अखेरच्या हिशेबात मिळते. २०२० च्या मार्चअखेरची कोविडची टाळेबंदी नेमकी या हंगामाच्या भरात आली, त्यामुळे भट्टीवर थांबावे तर खर्ची नाही आणि निघावे तर हिशेब बुडतो, असा पेच पडला. परतलेल्यांपुढे वाडीवर कामाचा प्रश्न उभा राहिला, कारण पाऊस सुरू होईतो शेतमजुरी नव्हती आणि जवळचे गिरिस्थान माथेरानही पर्यटकांना बंद झाल्याने तेथील हमालीचा आधार तुटला होता. त्या वर्षी शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी प्रत्येकी ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले, त्यांतील निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने द्यावयाचे होते.

परिणाम : लोकल पूर्ववत होताच चाकरमान्यांची ये-जा पहिल्यासारखी झाली, आणि कातकरी पुन्हा उचलीवर भट्टीकडे जाऊ लागले, कारण त्यांना बांधून ठेवणारी उचल साथीने फिटली नव्हती. रोगाची भीती ओसरली की माणसांचे मार्ग लवकर पूर्ववत होतात. साथीत निर्माण झालेले अधिकार मात्र दप्तरी टिकून राहतात. प्लेगासाठी घाईने केलेला कायदा सव्वाशे वर्षांनी त्याच घाटमार्गावर पुन्हा लागू झाला, आणि नाताळच्या कायद्यातील भाषेची अट प्लेग ओसरल्यावरही परकीयांना दाराशी रोखण्याच्या कामी येत राहिली.