नाव दिल्लीचं, प्रश्न आपल्या सगळ्यांचा

मंडळी, सिंगापूरमध्ये मुलाला किंवा इथे आलेल्या आजी-आजोबांना ॲडमिट करताना एक प्रश्न येऊ शकतो: "अलीकडे परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये होते का?" भारत म्हटलं की वेगळी तपासणी करू म्हणतात आणि आपल्यातल्या काहींना ते लागतं. या प्रश्नामागे एक इतिहास आहे.

जानेवारी २००८. स्वीडनमध्ये राहणारे, भारतीय वंशाचे एक गृहस्थ दिल्लीत उपचार घेऊन परतले होते. त्यांच्या लघवीत क्लेब्सिएला हा ग्राम-निगेटिव्ह जिवाणू सापडला. अगदी शेवटी वापरायची म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधंसुद्धा फोडणारं नवं एन्झाइम त्याच्याकडे होतं. त्याचं नाव ठेवलं 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', म्हणजेच एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या रुग्णांची माहिती छापून आली आणि आपल्याकडे गदारोळ झाला. देशाच्या बदनामीचा डाव आहे, असंही म्हटलं गेलं.

पण त्याआधीच, मार्च २०१० मध्ये, माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकात लिहून ठेवलं होतं: कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. आपल्याच लोकांनी, काही न लपवता! त्याच वर्षी सिंगापूरमध्येही असे रुग्ण नोंदले गेले.

खरी अडचण हा जिवाणू ओळखण्याची. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा बऱ्याच लॅबमध्ये होणारी हॉज चाचणी एनडीएम अनेकदा पकडू शकत नसे. २०१८ मध्ये अमेरिकी मानकांतून ती काढूनच टाकली. आता पीसीआर काही तासांत जनुक शोधते, पण ती कोणाची करायची, हे बऱ्याचदा पेशंटने दिलेल्या माहितीवरच ठरतं. कारण असे जिवाणू धडधाकट माणसाच्या आतड्यातही कित्येक महिने गुपचूप राहू शकतात, आणि ते जनुक एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातं.

तेव्हा विचारलं की मोकळेपणाने सांगा. कुठे ॲडमिट होतो, कधी, कोणती अँटिबायोटिक्स घेतली, सगळं. डिस्चार्जचे कागद मोबाइलमध्ये ठेवा. आणि भारतातून येताना "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून अँटिबायोटिकच्या स्ट्रिप्स बॅगेत भरू नका. नावावरून रुसण्यापेक्षा हिंदुजाच्या डॉक्टरांसारखं आहे ते सांगितलेलं बरं. आपल्या मुलांना योग्य औषध वेळेत मिळणं त्यावरच अवलंबून आहे.