थ्रेड प्राधान्यक्रम

थ्रेड प्राधान्यक्रम ही संगणकाच्या संचालन प्रणालीतील एक संकल्पना आहे. एकाच आज्ञावलीत स्वतंत्रपणे चालणाऱ्या कार्यप्रवाहांना थ्रेड म्हणतात. चालण्यास तयार असलेले थ्रेड प्रोसेसरच्या गाभ्यांहून अधिक असतील, तेव्हा कोणाला आधी संधी द्यायची हे शेड्यूलर ठरवतो. त्यासाठी थ्रेडला दिलेले स्थान म्हणजे त्याचा प्राधान्यक्रम होय. गोंदियासारख्या जंक्शनवर मेल गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी थांबवली जाते, तसाच हा प्रकार आहे. प्राधान्य वाढवल्याने प्रोसेसरचा वेग वाढत नाही. केवळ त्या थ्रेडची प्रतीक्षा कमी होते.

विविध प्रणालींतील पद्धती

प्राधान्याचे आकडे प्रणालीगणिक वेगळे असल्यामुळे एका प्रणालीतील मूल्य दुसरीत जसेच्या तसे वापरता येत नाही.

• विंडोज : पातळ्या ० ते ३१, मोठा अंक म्हणजे उच्च प्राधान्य. प्रक्रियेचे सहा वर्ग व थ्रेडच्या सात सापेक्ष पातळ्या यांवरून मूळ प्राधान्य ठरते. दोन्ही सामान्य असल्यास ते ८ असते. १६ ते ३१ या पातळ्या रिअल-टाइम कामांसाठी आहेत.
• लिनक्स : सामान्य थ्रेडना −२० ते १९ हे ‘नाइस’ मूल्य असते, येथे लहान अंक उच्च प्राधान्याचा. रिअल-टाइम थ्रेडसाठी मात्र १ ते ९९ पातळ्या असून मोठा अंक उच्च मानतात.
• मॅकओएस व आयओएस : २०१४ पासून अंकांऐवजी कामाचे स्वरूप सांगणारे सेवा-गुणवत्ता वर्ग उपलब्ध आहेत.
• जावा : पातळ्या १ ते १०, सामान्य मूल्य ५. प्रत्यक्ष परिणाम मूळ संचालन प्रणालीवर अवलंबून असतो.

प्राधान्याची उलटापालट

मालगाडी पुढील मार्गखंडात आधीच शिरली असेल, तर मागच्या मेललाही थांबावे लागते. त्याचप्रमाणे कनिष्ठ थ्रेडने सामायिक साधनाचे म्यूटेक्स धरून ठेवल्यास उच्च प्राधान्याचा थ्रेड अडतो. त्यातच मध्यम प्राधान्याच्या थ्रेडनी कनिष्ठ थ्रेडला बाजूस सारले, तर ही अडवणूक लांबत जाते.

नासाचे मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. त्यानंतर त्याचा संगणक वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. व्हीएक्सवर्क्स प्रणालीवरील हवामान-निरीक्षणाचे कनिष्ठ काम म्यूटेक्स धरून असताना संदेशवहनाचे मध्यम काम मध्येच चाले आणि माहितीवहनाच्या व्यवस्थापनाचे उच्च काम ताटकळत राही. प्रत्येक वेळी त्या दिवसाची उरलेली कामे पुढे ढकलावी लागत. अभियंत्यांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ‘प्राधान्य-वारसा’ ही सोय सुरू केली. तीमुळे म्यूटेक्स सोडेपर्यंत कनिष्ठ कामास वाट पाहणाऱ्या कामाचे उच्च प्राधान्य मिळते.

उपासमार

उच्च प्राधान्याचा थ्रेड अखंड चालत राहिल्यास इतरांना वेळच मिळत नाही. यास उपासमार म्हणतात. लिनक्समध्ये रिअल-टाइम थ्रेडना पूर्वनिर्धारित मांडणीत दर सेकंदातील ०.९५ सेकंदच वापरता येतो आणि उरलेला वेळ इतरांसाठी राखलेला असतो. अशी प्राधान्ये देण्यास विशेषाधिकारही लागतो.