प्रोजेस्टेरॉन व ऋतुनिवृत्ती

स्त्रीच्या अंडकोशातील पीतपिंडापासून स्रवणाऱ्या हॉर्मोनाला प्रोजेस्टेरॉन म्हणतात. अंडमोचनानंतर रिकाम्या झालेल्या पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होते; म्हणून ज्या महिन्यात अंडमोचन होत नाही, त्या महिन्यात हे हॉर्मोनही जवळजवळ निर्माण होत नाही. ईस्ट्रोजेनामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर वाढतो. ही वाढ आवरून त्याला गर्भधारणेस योग्य असे स्वरूप देणे, हे प्रोजेस्टेरॉनाचे कार्य होय. ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत अंडमोचन अनियमित होते आणि प्रोजेस्टेरॉन प्रथम घटते. ईस्ट्रोजेनाचे प्रमाण मात्र कमीजास्त होत राहते. चाळिशीनंतर अनेक स्त्रियांना होणारा अतिरिक्त रक्तस्राव पुष्कळदा यातूनच उद्‌भवतो. सलग १२ महिने पाळी न आल्यास ऋतुनिवृत्ती झाली, असे मानतात. भारतात ती सरासरीने ४६–४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा सु. चार वर्षे आधी येते.

पीतपिंड काढून टाकल्यास सशाच्या मादीत गर्भ टिकत नाही, हे जर्मन वैद्य लूटव्हिख फ्रेंकेल यांनी १९०३ मध्ये दाखविले. जॉर्ज कॉर्नर व विलर्ड ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये पीतपिंडाच्या अर्काचा परिणाम सिद्ध केला. १९३४ मध्ये चार संशोधक-गटांनी जवळजवळ एकाच वेळी शुद्ध हॉर्मोन वेगळे केले. त्यांपैकी आडोल्फ बूटेनांट यांना ५०,००० डुकरिणींच्या सु. ६२५ किग्रॅ. अंडकोशांतून अवघे २० मिग्रॅ. प्रोजेस्टेरॉन मिळाले होते. असे औषध सामान्य रुग्णापर्यंत पोहोचणे अशक्यच होते.

ही अडचण वनस्पतींनी दूर केली. पर्सी जूलियन यांनी १९४० च्या सुमारास सोयाबीन तेलातील स्टेरॉलापासून प्रोजेस्टेरॉन बनविले. रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानटी कंदांपासून डायोसजेनीन हे संयुग मिळविले व अनेक रासायनिक टप्प्यांनी त्याचे प्रोजेस्टेरॉनात रूपांतर केले. १९४४ मध्ये मेक्सिकोत सिंटेक्स ही कंपनी स्थापन झाली आणि या हॉर्मोनाची किंमत झपाट्याने उतरली.

मार्कर यांनी वापरलेला कंद डायोस्कोरिया प्रजातीचा होता. याच प्रजातीतील करांदा व कोनफळ कोकणात सुपरिचित असून रायगड जिल्ह्यात मुरुडच्या बाजूला ते उकडून खाण्याची रीत आहे. कोकणातील ओलसर जंगलांत पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी लक्ष वेधून घेणारा, वळणदार खोडाचा पेवा वेगळ्या कुलातील आहे. परंतु त्याच्या मूलक्षोडातही डायोसजेनीन असल्याचे भारतीय संशोधकांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. भारतात डायोसजेनिनासाठी मुख्यतः हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉयडिया ही जाती खणली गेली. ती इतकी की, १९७५ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले.

मात्र कंद खाऊन किंवा त्याचा अर्क त्वचेला चोळून प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. डायोसजेनिनाचे हे रूपांतर करणारी एंझाइमे मानवी शरीरात नाहीत. ते प्रयोगशाळेतच घडवावे लागते. ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ या संज्ञेचा खरा अर्थ उगमाशी नव्हे, तर रेणूशी निगडित आहे. कारखान्यात तयार झालेला, पण अंडकोशातील हॉर्मोनाशी तंतोतंत जुळणारा रेणू या अर्थाने नैसर्गिक ठरतो. उलट, गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले ईस्ट्रोजेन अस्सल निसर्गातले. तरी त्याचे कित्येक घटक स्त्रीच्या शरीरात मुळीच नसतात. जाहिरातदारांना हा गोंधळ सोयीचा वाटत आला आहे.

घोडीपासून मिळणारे हेच ईस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून विकले जाऊ लागले व १९६० नंतरच्या दशकात ते चिरतारुण्याचे औषध म्हणून गाजले. ते एकटेच दिल्यास अंतःस्तराचा कर्करोग वाढतो, असे १९७५ मध्ये आढळले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम कृत्रिम औषध देणे आवश्यक मानले गेले. तोंडावाटे घेतलेले साधे प्रोजेस्टेरॉन यकृतात लवकर नष्ट होत असल्यामुळे प्रारंभी कृत्रिम पर्यायांचाच वापर झाला. अतिसूक्ष्म कणांचे, तेलात मिसळलेले प्रोजेस्टेरॉन फ्रान्समध्ये १९८० मध्ये व अमेरिकेत १९९८ मध्ये उपलब्ध झाले. त्याने गुंगी येत असल्याने ते रात्री घेतात : दररोज १०० मिग्रॅ. किंवा महिन्यातील १२ दिवस २०० मिग्रॅ., असे सामान्य प्रमाण आहे. त्वचेवरील मलमांतून अंतःस्तराच्या रक्षणाइतके हॉर्मोन रक्तात पोहोचत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील मोठी चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांत थोडे अधिक, तर अस्थिभंगाचे कमी आढळले. तीत घोडीपासूनचे ईस्ट्रोजेन व मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट हे कृत्रिम संयुग वापरले होते आणि स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे वृत्तपत्रांतून फारसे सांगितले गेले नाही. फ्रान्समधील निरीक्षणांत नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनाबरोबर स्तनकर्करोगाचा धोका कमी दिसला; तथापि ती चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नसल्याने हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला एक वेगळीच बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सु. ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. गर्भाशयच नसल्यास अंतःस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनाची गरज उरत नाही. परंतु शस्त्रक्रियेत अंडकोशही काढले गेले असल्यास ऋतुनिवृत्ती एकाएकी ओढवते, हाडे ठिसूळ होऊ लागतात व हृद्‌रोगाचा धोका वाढतो. अशा तरुण स्त्रीला, अन्य बाधक कारण नसल्यास, नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत ईस्ट्रोजेन देणे योग्य समजले जाते.