२२ मार्च ते २२ मार्च : राजवाड्यासमोरची दोन वर्षं

मागच्या आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, कोरोनात इंदूरचा बाजार नेमका कधी आणि कसा खुलला ते लिहा. तारखा आता लोकांच्या डोक्यातून जायला लागल्यात, म्हणून लिहून ठेवतो.

२२ मार्च २०२०, जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवायच्या होत्या. आपल्या इंदूरकरांनी काय केलं? थाळ्या घेऊन थेट राजवाड्यावर जमले! दिवसभर घरात बसून जे कमावलं ते अर्ध्या तासात घालवलं. तीन दिवसांनी देशभर लॉकडाउन लागला आणि त्यानंतर बरेच दिवस इंदूरचं नाव रोज बातम्यांत, पण नको त्या कारणासाठी.

बँका मात्र चालूच होत्या. एप्रिलमध्ये जनधन खात्यांत बायकांचे ५०० रुपये आले, तेव्हा गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे तारखा ठरवल्या होत्या. शून्य आणि एकवाल्या पहिल्या दिवशी, मग दोन-तीनवाल्या. मी निवृत्त, घरात कोंडलेला, तरी ही युक्ती वाचून बरं वाटलं. कुणाला थांबवायचं हे आकड्याने ठरलं की भांडण होत नाही.

बाजाराच्या बाबतीत तसं जमलं नाही. केंद्राचा अनलॉकचा आदेश ३० मे ला निघाला. ८ जूनपासून हॉटेलं, मॉल, देवळं उघडायला परवानगी. पण इंदूरला रुग्ण जास्त, म्हणून इथे भागाभागाने. बाहेरच्या वस्त्यांना आधी सूट आणि राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार, कापड मार्केट हा मध्यभाग सगळ्यात शेवटी. मग आलं ते लेफ्ट-राइट. आज उजव्या बाजूची दुकानं, उद्या डाव्या बाजूची. कागदावर गर्दी निम्मी. प्रत्यक्षात लग्नाची साडी आज मिळाली तर तिच्यावरचं ब्लाउजपीस उद्या, म्हणजे तेच गिऱ्हाईक दोनदा बाजारात! आणि उजवी बाजू कुठून मोजायची? राजवाड्याकडे तोंड करून की पाठ करून?

आमच्या शेजारच्या मुलाचं तयार कपड्यांचं दुकान त्याच भागात. वडील गेल्यापासून तोच चालवतो, मला काका म्हणतो. दुकानावर ५ लाखांचं कर्ज. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने पुढे ढकलायची सवलत दिली, मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. तो विचारायला आला, फाटकाबाहेरूनच. मी त्याला हिशोब करून दाखवला. १२ टक्क्यांनी महिन्याचे ५,००० व्याज, सहा महिन्यांचे ३०,००० मुद्दलात चढणार. हप्ता माफ होत नाही रे, नुसता लांबतो. जमत असेल तर भरत राहा, असं सांगितलं.

हिशोब बरोबर होता. आजही बरोबरच आहे.

त्याने सहाही हप्ते भरले. कुठून, ते मी विचारलं नाही. दुकान पुरतं खुललं तेव्हा दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर आलेली, आणि माल भरायला हातात पैसा नाही. व्यापारी रोखीशिवाय माल द्यायला तयार नव्हते, त्यांचीही उधारी अडकलेली. तेव्हा कळलं की हप्त्यांसाठी त्याने आईची एफ.डी. मोडली होती. आईला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर कर्जाच्या टेबलावर बसलो, कॅश फ्लो, कॅश फ्लो म्हणून दुसऱ्यांना शिकवलं, आणि घरच्यासारख्या मुलाला फक्त व्याज मोजून दाखवलं. बंद दुकानाला व्याजापेक्षा गल्ल्यातली रोकड महाग असते, हे मला त्याच्या रिकाम्या रॅक बघून समजलं.

मग सरकारी हमीची आपत्कालीन कर्जयोजना होती. २९ फेब्रुवारीच्या बाकीच्या २० टक्के, म्हणजे त्याला १ लाख. अर्ज मी स्वतः बसून भरला. पैसे दिवाळीच्या तोंडावर आले, निम्मा तरी माल भरता आला. नोव्हेंबरमध्ये व्याजावरच्या व्याजाची भरपाई खात्यात जमा झाली, हप्ते भरणाऱ्यांनाही. त्याच्या हिशोबाने साडेसातशेच्या आसपास. ‘काका, पार्टी करू या,’ म्हणाला. हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

एक जुनी गोष्ट इथे सांगतो. १९१७ साली, तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या वेळी, प्लेगने त्रासलेल्या इंदुरात पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार आले होते. त्यांनी जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या गल्ल्यांतली घरं जास्त साफ-दुरुस्त झाली असतील, तिकडूनच जाईल. झाडून सारं शहर कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, हार घालून, नव्या झाडूंसह चालले. त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. मला वाटतं, लेफ्ट-राइट काढणाऱ्यांनी तो वाचायला हवा होता. ‘तुमची गल्ली नीट ठेवा, आधी उघडू’ असं म्हटलं असतं तर व्यापाऱ्यांनी स्वतः पहारा दिला असता.

२०२१ ची दुसरी लाट आठवून लिहवत नाही. आमच्या गल्लीतली तीन माणसं गेली. एप्रिल-मे बंद, जूनपासून पुन्हा हळूहळू सूट. नोव्हेंबरमध्ये राज्याने सगळे निर्बंध उठवले, डिसेंबरमध्ये रात्रीचा कर्फ्यू परत लावला. सराफ्याच्या खाऊवाल्यांना विचारा. त्यांचा धंदाच दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर सुरू होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोही उठला.

आणि मग रंगपंचमी. दोन वर्षं गेर निघाली नव्हती. त्या वर्षी तिथी आली २२ मार्चला, थाळ्या वाजवल्या त्याच तारखेला, बरोबर दोन वर्षांनी! मी गर्दीत गेलो नाही, वय झालं. शेजारचा मुलगा गेला. दुपारी परतला तो डोक्यापासून पायापर्यंत रंगात. ‘शटर पाडून गेलो होतो काका, आज पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने.’ आईची एफ.डी. त्याने त्याच वर्षी पुन्हा केली. पावती मला दाखवायला आणली होती, रक्कम थोडी कमी होती.