हाफकिन यांची लस आणि आमच्या घरातील एक प्रश्न



सिम्हाथ तोरा आटोपला की नेकारसुल्ममध्ये थंडी उतरते आणि आमच्या घरी फ्लूच्या लशीची चर्चा सुरू होते. यंदा सूनबाईंनी विचारले, "आई, मुले धडधाकट आहेत, मग त्यांना सुई कशाला?" प्रश्न रास्त होता. येथील लसीकरण समिती साठी ओलांडलेल्यांना, गरोदर स्त्रियांना, जुनाट आजाराच्या रुग्णांना आणि रुग्णसेवकांना ही लस घेण्यास सांगते. निरोगी मुलांना सरसकट सांगत नाही. उत्तरादाखल मी त्यांना मुंबईची हकीकत सांगितली.

ओडेसात जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन 1896 च्या ऑक्टोबरात प्लेगग्रस्त मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि एक व्हरांडा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, ताप सोसला आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. आगाखानांनी सर्वांदेखत टोचून घेतल्यावर खोजा समाजाची भीती ओसरली. पुण्यात त्याच वर्षी सक्तीच्या झडत्यांनी काय साधले, हे आपण जाणताच.

पुढचा भाग मी विद्यार्थिनी परिचारिकांना आवर्जून सांगत असे. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. वास्तविक बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. त्यांचे नाव निष्कलंक व्हायला 1907 उजाडले. म्हणून लशीविषयी शंका घेणाऱ्यास मी कधीही हसत नाही. मात्र शंका नेमकी कशाची, हे विचारते.

सूनबाईंची शंका अशी की लशीनेच फ्लू होईल. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल, इतकेच. 1918 च्या साथीत मुंबईत माझ्या आजीच्या घरातून दोन भावंडे गेली. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण माणसातील फ्लूचा विषाणू 1933 साली सापडला.

खरा प्रश्न आमच्या यजमानांचा होता. ते डायलिसिसवर आहेत. लस घेऊनही त्यांच्या शरीरात पुरेसे संरक्षण तयार होईलच असे नाही. अशा रुग्णासोबत एका घरात राहणाऱ्यांनी लस घ्यावी, असे तीच समिती सांगते. म्हणजे नातवंडांची सुई आजोबांसाठी. हे ऐकल्यावर सूनबाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनीच डॉक्टरांची वेळ घेतली.

संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून हनुक्काची वाट पाहिली नाही. धाकटा आठ वर्षांचा आहे. नऊ वर्षांखालील मुलास पहिल्या खेपेस चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. दुसऱ्या सुईबद्दल आजोबांकडून काय वसूल करायचे, ते त्याने ठरवून ठेवले आहे.